आईला न सांगितलेलं

हवालदार सूर्यभान लोंढ्यांनी फॉर्मवरच्या रिकाम्या रकान्यावर पेन टेकवलं आणि समोर बसलेल्या सुकेशनीकडं पाहिलं.

"ताई, थकीत कर्जापुढं काहीच लिहिलं न्हाई तुमी."

सुकेशनीनं स्वयंपाकघराकडं नजर टाकली. पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून तिची निवड झाली होती. आता फक्त पडताळणी उरली होती, त्यासाठीच लोंढे मानवतला तिच्या घरी आले होते.

आवाज अगदी खाली आणत ती म्हणाली, "एक हाय, फायनान्सचं. तीन हप्ते चुकलेत. मी शिकवायचे तो क्लास बंद पडला."

"कशासाठी काढलं?"

"आईच्या कानातल्या मशीनसाठी."

वीस वर्षं जिनिंग मिलच्या खडखडाटात सरकी-कापूस उपसून सुलाबाईंना ऐकू येईनासं झालं होतं. परभणीच्या शिबिरात मशीन फुकट मिळालं, असं सुकेशनीनं त्यांना सांगितलं होतं. किंमत कळली असती, तर त्यांनी ते कानाला लावूच दिलं नसतं.

"थकलं म्हणून नोकरी जातेच असं न्हाई," लोंढे म्हणाले. "कशानं थकलं, कसं फेडणार, ते लिहायचं. लपवलं की मात्र संशय येतो. घरी ठाऊक हाय का?"

"आईला न्हाई. तिला कळू द्यायचं न्हाई, साहेब."

"बघा, उद्या तिथली कागदपत्रं तुमच्या हाताखाली येणार. 'आईला सांगतो' एवढ्या धमकीवर कुणी तुमच्याकडनं ती मागितली, तर?"

सुकेशनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मला ठाऊक हाय," दारातून आवाज आला.

सुलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मशीन कानातच होतं.

"मला समदं ठाऊक हाय, साहेब. तसंच लिहा."

लोंढ्यांनी दोघींकडं पाहिलं. मग काही न विचारता त्यांनी फॉर्म सुकेशनीपुढं सरकवला. तिनं कर्ज लिहिलं, कारण लिहिलं, खाली सही केली. पाणी पिऊन ते निघाले.

मोटारसायकल गल्लीबाहेर गेल्यावर सुलाबाईंनी मशीन कानातून काढलं. सुकेशनी झटकन पुढं झाली.

"आई, दुकानवाले ते परत घेत न्हाईत."

सुलाबाईंना काहीच ऐकू आलं नाही. पदरानं मशीन हलकेच पुसून त्यांनी ते लेकीसमोर धरलं.

"नीट बसव," त्या म्हणाल्या. "उद्या फायनान्सवाल्याकडं मी बी येते. काय म्हणतो, ते ऐकायचंय मला."