परतराव

बँडमध्ये त्याला सगळे परतराव म्हणत. ड्रम्स वाजवायचा तो, पण खरा दरारा त्याच्या कानाचा. गाणं कितीही रंगलं तरी शेवटी काड्या मांडीवर ठेवून तो एकच शब्द बोलायचा, "परत!" की सगळे निमूटपणे पहिल्यापासून सुरू. कौतुक हा प्रकार त्याच्या गावीही नव्हता.

बँडची गायिका म्हणजे त्याची मावसबहीण, धाकटी. तिने एकटीनेच रॉकचा अख्खा अल्बम केलाय हे कळल्यापासून त्याचं डोकं सणकलं होतं. त्यात गिटारवाल्याने तेल ओतलं, "ती गेली की बँडला टाळं लावा."

अशात धाकटीनेच त्याला बोलावून घेतलं. मावशीच्या शिवणकामाच्या दुकानामागे कापडाचे तागे ठेवायची खोली होती. तागे घुमारा पिऊन टाकतात, म्हणून तिने सगळं तिथेच रेकॉर्ड केलं होतं.

"दादा, अजून कुणालाच ऐकवलं नाहीये," ती म्हणाली. "तू 'परत' म्हणालास ना, तर सगळं पुसून टाकीन आणि मुकाट्याने बँडमध्ये येईन. शप्पथ."

परतरावाला मनातून उकळ्या फुटल्या. एका शब्दाचं तर काम होतं! तो स्टुलावर ऐसपैस बसला.

पहिलं गाणं लागलं आणि सवयीने त्याची बोटं टेबलावर नाचू लागली. ती कधी स्वस्थ नसतच. जेवताना ताटावर ठेका धरला म्हणून मावशीने लहानपणी त्याला चमच्याने बडवलंही होतं. इथे ड्रम्स हवे होते, तिथे हवे होते, असं तो मोजत बसला. पण अल्बमभर ड्रम्सच नव्हते. एक खरखरीत गिटार आणि तिचा आवाज, बस्स. बँडमध्ये त्याच्या दणदणाटावर मात करायला ती ओरडून गायची. इथे ती शेजारी बसून बोलावं तशी गात होती आणि मध्येच थांबत होती. त्या थांबण्यात तो ठेका घुसवू पाहायचा, तर तिथे तिचा श्वास ऐकू यायचा, आणि पुढची ओळ त्या श्वासावरच उभी राहायची. त्याच्या अंगावर काटा आला. हिला बोट धरून स्टेजवर चढवलं ते आपणच ना? मग हे एवढं मोठं काहीतरी हिच्यात कधीपासून होतं? शेवटच्या गाण्यात आवाज वर चढला, तशी बाहेर मावशीची मशीनसुद्धा थांबली.

अल्बम संपला.

"परत," तो कसाबसा म्हणाला.

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. कारण विचारायची सोय त्याने कधी ठेवलीच नव्हती. तिने गुपचूप कॉम्प्युटरकडे हात नेला.

आता नुसतं गप्प बसलं तरी बँड वाचत होता. परतराव क्षणभर गप्प बसलाही. मग त्याने झटकन तिचं मनगट धरलं.

"अगं वेडे, 'परत गा' नाही म्हणालो. 'परत लाव' म्हणालो."

"म्हणजे?"

"म्हणजे मला परत ऐकायचंय. पहिल्यापासून."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि बँड?"

"बँडचं आम्ही बघू. तू लाव."

तिने लावलं. परतरावाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. सगळा अल्बम पुन्हा वाजून संपला, तरी त्याचं एक बोट हललं नाही.