बोनसचं जिमकार्ड

उमरखेडला इंद्रजित शेठचा लोखंडी कपाटांचा कारखाना आहे. जवळच्या तांड्यावरची सुखीबाई तिथं अकरा वर्षांपासून रंगाआधी कपाटं पॉलिश पेपरनं घासते. उकंडा वेल्डिंग करतो.

यंदा शेठ व्यापाऱ्यांच्या अदलाबदल मंडळात गेले. रोख कोणी द्यायची नाही. आपला माल द्यायचा, मोबाइलवर पॉइंट घ्यायचे आणि त्या पॉइंटवर दुसऱ्या व्यापाऱ्याकडून हवं ते आणायचं. छपाईवाल्याला टेबल देऊन शेठनं बिलबुकं छापून घेतली. टेम्पोचे टायर आले, दुकानाचा बोर्ड आला. "गल्ल्यातला रुपया हलला नाही," असं ते येईल त्याला सांगत.

दसऱ्यानंतर एका नव्या जिमची बारा कपाटांची ऑर्डर आली, तीही पॉइंटवर. दिवाळीआधी हवी होती. सुखीबाई आणि उकंडा दहा दिवस रोज दोन तास जास्त थांबले. "बोनसमध्ये पाहून घेऊ," शेठ म्हणाले होते.

धनतेरसला सकाळी शेठनं दोघांच्या हातात एकेक चकचकीत कार्ड ठेवलं. सुखीबाईला वाचता येत नव्हतं. तिनं उकंडाकडं पाहिलं.

"जिमचं हाय," तो म्हणाला. "सहा महिने कसरत फुकट."

"मी कसरत कायले करू?" तिनं शेठना विचारलं.

"चार हजारांचं कार्ड आहे. रोख बोनसपेक्षा जास्तच दिलं तुम्हाले."

"नातवाले कपडे घ्याचे हायेत. दुकानदार हे घेईन काय?"

"मग विकून टाक कोणाले."

सुखीबाईनं कार्ड टेबलावर ठेवलं. तिचा आवाज चढला नाही. "टायरवाला हो म्हणाला, त्याच्याशी करा अदलाबदल. मले कोणी विचारलं? मी कवा आली तुमच्या मंडळात?"

"घ्यायचं तं घे, नाही तं राहू दे."

सहा कपाटं आदल्या दिवशी गेली होती, सहा टेम्पोत चढवायची होती. सुखीबाई बाहेर जाऊन उन्हात बसली. थोड्या वेळानं उकंडाही आपलं कार्ड ठेवून आला.

"शेठनं कामावरून काढलं तं?"

"काढू दे. आज हे घेतलं तं पुढं पगारही असाच देतीन."

दुपारी जिमचा मालक अमर स्वतः आला. संध्याकाळी त्याचं उद्घाटन होतं. दोघांना बसलेलं पाहून त्यानं कारण विचारलं आणि तडक आत गेला.

"शेठ, मजुरांचा बोनस माझ्या कार्डावर भागवून राह्यले काय?"

"पॉइंट माझे. कोणाले द्यायचे ते मी पाहीन."

"पाहा. पाचपर्यंत कपाटं नाही आली तं मी ऑर्डर रद्द करतो."

शेठनं गल्ला उघडला आणि मागच्या वर्षीइतका बोनस दोघांपुढं सरकवला.

"जास्तीच्या तासांचे?" सुखीबाईनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"आजच द्या. टेम्पो भराचा हाय ना?"

शेठनं तेही दिले, पण तिच्याकडं न पाहता. मग दोघांनी कपाटं चढवली.

त्या दिवशी तिनं नातवाला शर्ट घेतला, घरी गोडधोड केलं. सून म्हणाली, "मिळाले ना पैसे, आता काहून तोंड पाडून बसल्या?"

आपल्याच घामाचे पैसे, आणि त्यासाठी अर्धा दिवस भीक मागणाऱ्यासारखं दारात बसावं लागलं, हे सुखीबाईला सणभर डाचत राहिलं.