चिमूटभर लफे

कामरगावच्या भगवंतरावांनी आपल्या मळ्यातल्या कापसाच्या गोदामात आख्खा ब्रह्मदेश मांडून ठेवला होता. अमरावतीच्या कॉलेजातली पोरं-पोरी प्रोफेसर हिरालालांबरोबर तिथं आठवडाभर मुक्कामाला आली होती. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. शेजारच्या देशाची पोरांना ओळख व्हावी अशी प्रोफेसरांची तळमळ, आणि मंडालेत लाकडाची वखार चालवून आलेला माणूस वऱ्हाडात दुसरा कुठे मिळणार! जेवणाखाण्याचा खर्च भगवंतरावांनी आपल्या अंगावर घेतला. घेतील नाही तर काय! दोन वेळच्या जेवणात देवपण मिळत असेल तर कोण सोडतो?

लांब टेबलावर रेशमी लुंग्या होत्या, लाखेचे रंगीत डबे होते, सागवानी बुद्ध होता, हस्तिदंती पंखे होते. पोरं एकेक वस्तू हाताळायची, वहीत टिपून घ्यायची आणि भगवंतराव सांगायचे. तिथल्या राजाला इंग्रजांनी रत्नागिरीला आणून कसं ठेवलं, तिथला बाजार बायका कशा चालवतात, पोरगा काही दिवस भिक्षू झाल्याशिवाय त्याला माणसात कसं धरत नाहीत. माणूस रसाळ बोलायचा, उगाच खोटं कशाला सांगा. शेवटी आवाज खाली आणून ते बेचाळीस सालच्या जपानी बॉम्बांवर आणि तिथून पळून निघण्यावर यायचे. तापानं फणफणलेल्या आपल्या मुनीमाला, जगदेवला, खांद्यावर घेऊन ते डोंगर चढले आणि तो त्यांच्याच मांडीवर गेला, असं सांगताना त्यांचा गळा बरोबर जिथं दाटायचा तिथंच दाटायचा.

दाराशी बसून मनकर्णाबाई हे ऐकत होती. जगदेव तिचा नवरा.

भगवंतराव खरं तर लॉरीनं डोंगर ओलांडून आले म्हणून गावात आधी पोचले, आणि त्यांची गोष्टही आधी पोचली. ही बाई पायी रखडत, मणिपूरच्या डोंगरातून, हाडांचा सापळा होऊन कित्येक महिन्यांनी आली. तिनं खरं काय ते सांगितलं, तर गाव म्हणालं, दुःखानं बिचारीचं डोकं फिरलं. ज्यानं खांदा दिला त्याच्यावरच आळ घेते म्हणाले! तेव्हापासून तिनं तोंड मिटलं. वांगी-मिरची लावायची, बाजारात नेऊन विकायची आणि वाट बघायची. दुसऱ्या कुणी सांगून उपयोग नव्हता. ते भगवंतरावाच्याच तोंडून बाहेर पडायला हवं होतं, आणि तेही त्याला मान देणाऱ्यांच्या समोर. तेवढ्यासाठीच ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी तिकडचा घरसंसार कुण्या बाईकडूनच ऐकायचा असा पोरींनी हट्ट धरला आणि प्रोफेसरांनी तिला बोलावणं धाडलं. भगवंतरावांना नाही म्हणता येईना. ज्याला मांडीवर मरण आलं त्याच्या बायकोला कुठल्या तोंडानं नको म्हणणार?

ती आली ती लफे घेऊनच. लफे म्हणजे मुरवलेला चहा. तिथं ओली पानं मुरवतात, हिनं दुकानातली पत्ती भिजवून, पिळून, कडूपणा काढून तिळाच्या तेलात ठेवली होती. सोबत तळलेला लसूण, भाजलेले तीळ, शेंगदाणे. तिनं टेबलावरचाच एक लाखेचा डबा उचलला, पुसला आणि त्यात ते मांडलं.

चहा खातात? पोरं हसायला लागली. भगवंतरावांना राहवलं नाही. मिरवायची संधी आली की या माणसाचं भान जायचं, तसं आताही गेलं. ते उठून उभेच राहिले. तिथं दोघांचं भांडण लागलं की गावाचा मुख्य माणूस दोघांना समोर बसवतो, म्हणाले. आधी दोघांनी भांडण काय ते चारचौघांत खरं सांगायचं, मग एकाच डब्यातलं लफे दोघांनी खायचं. दोघांनी खाल्लं की भांडण मिटलं. पुन्हा जन्मात कुणी तक्रार काढायची नाही. फार शहाणी रीत आहे, असंही वर म्हणाले.

मनकर्णाबाईनं डबा त्यांच्यापुढे धरला.

"मंग बसा भगवंतराव," ती म्हणाली. "आपलं बी मिटवू."

भगवंतराव हसले. वहिनींचं मन अजून थाऱ्यावर नाही, असं त्यांनी प्रोफेसरांना हळूच सांगितलं आणि डब्याकडे हात नेला. तिनं डबा मागं ओढला.

"आदी सांगा. तुमीच म्हनलं ना आता?"

अंजना नावाची एक पोरगी रेशमी लुंगी खांद्यावर घेऊन बसली होती. तिनं सरळच विचारलं, की मुनीम मांडीवर गेला तर भांडण कसलं? भगवंतराव म्हणाले, गैरसमज आहे, दुसरं काही नाही. मनकर्णाबाई जागची हलली नाही.

"मोहनसिंग कारंज्याले वापस आला हाये," ती म्हणाली. "लॉरी त्यानंच चालवली होती. बलावू काय त्याले?"

भगवंतरावांचा चेहरा उतरला. पुढे पलटणीची लॉरी चालवायला गेलेला मोहनसिंग लढाईत मेला असंच ते समजून होते. त्यांनी पोरांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग डब्याकडे. एकदा सांगितलं, एकदा खाल्लं, की ही बाई जन्मभर गप्प बसेल. रीतच आहे तशी. त्यांनीच तर सांगितली होती! ते खाली बसले. बोलले तेव्हा व्याख्यानातली भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"जगदेवले ताप होता. हगवन लागली होती. लॉरीत जागा नव्हती. म्या त्याले रस्त्यात उतरवलं."

"जागा काहून नव्हती?"

"पेट्या होत्या."

"कायच्या पेट्या?"

भगवंतरावांनी टेबलाकडे नुसतं बोट केलं. अंजनानं खांद्यावरची लुंगी काढली आणि जमिनीवर ठेवली. प्रोफेसर हिरालालांच्या हातात पंखा होता, तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

मनकर्णाबाईच्या अंगातून जाळ उठला. तो रस्ता तिच्या डोळ्यांपुढे आला. धुरळा उडवत गेलेली लॉरी, आणि मालक परत येतील, येतीलच, असं शेवटपर्यंत म्हणणारा तिचा भोळा नवरा. त्याला तिनं सागाच्या पानांखाली झाकलं होतं, नखांनी माती उकरून.

तिनं डबा पुढे केला. भगवंतरावांनी घाईनं, चांगली मूठ भरून लफे तोंडात घातलं. तेल हनुवटीवर ओघळलं. घास तसाच तोंडात धरून ते तिच्या हाताकडे बघत राहिले.

तिचा हात डब्यात गेला नाही. तिनं झाकण लावलं.

"वहिनी, तुमी खा," ते भरल्या तोंडानं म्हणाले. "एक चिमूट तरी घ्या."

"म्या नाई खात," मनकर्णाबाई म्हणाली. "दोघांनी खाल्लं तं मिटते. तुमी मराल तवरीक आपलं भांडन हाये, भगवंतराव. आता पोरांईले पुढचं सांगा, ते आयकून राह्यले."

डबा त्यांच्या मांडीवर ठेवून ती निघाली. भगवंतरावांना घास गिळवेना आणि सगळ्यांदेखत थुंकवेना. पोरांनी वह्या मिटल्या नव्हत्या.