लाल गाडी काहून वढत नाही

"हे डबडं खोटं बोलून राहिलं," शालिकराम माझ्या पडद्याला नाक लावून पुटपुटले. तोंडाला तंबाखूचा वास होता. मग त्यांनी मला दोन चापट्या मारल्या, रेडिओला मारतात तशा.

मित्रांनो, ते डबडं म्हणजे मी. गाड्यांचे आजार वाचणारा एक जुना स्कॅनर. दिसायला जाडजूड टीव्हीच्या रिमोटसारखा, एक पडदा, चार बटणं आणि एक लांब वायर. ती वायर स्टिअरिंगखालच्या खाचेत खोचली की गाडी मला आपलं दुखणं सांगते आणि मी ते पडद्यावर लिहितो. खोटं मला बोलताच येत नाही. येत असतं तर या घरात माझे दिवस बरे गेले असते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवतो तो थर्माकोलचा अंधार. डोळे उघडले ते अकोल्यात, मनोज मिस्त्रीच्या गॅरेजात. त्यानं मला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. कुंकवाचा एक कण माझ्या काचेच्या कोपऱ्यात अजून अडकून आहे. गिऱ्हाईक आलं की तो मला उचलून दाखवायचा आणि म्हणायचा, आपल्याकडं आता डॉक्टर आहे. ते दिवस फार चांगले होते. बंद पडलेली गाडी ढकलत यायची, मी सांगायचो कुठं दुखतं, मनोज तिथंच हात घालायचा आणि गाडी स्वतःच्या चाकांनी घरी जायची.

पण तिथंच मला माणसांची एक खोड कळली. काही जण म्हणायचे, दुरुस्ती राहू दे, समोरचा दिवा तेवढा घालव. माझ्यात तशी सोय आहे. एक बटण दाबलं की लिहिलेला दोष पुसला जातो. दोष जात नाही, नुसतं लिहिलेलं जातं. माझ्या चार बटणांपैकी त्या बटणावरची अक्षरं सगळ्यात आधी झिजली. यावरून काय ते समजा.

पुढं मनोजकडं मोबाइलला जोडायचं नवं यंत्र आलं, काडेपेटीएवढं. मी खणात गेलो. सोबतीला वायपरची जुनी रबरं आणि वाळलेल्या डिंकाची बाटली. तिथून मला जीवन घेऊन गेला, अमरावतीला.

जीवन म्हणजे शालिकरामांचा मुलगा. भातकुली रस्त्याला त्यांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. पहाटेचा माल फुलबाजारात जातो, आणि लग्नाच्या दिवसांत शालिकराम नवरदेवाच्या गाड्या सजवतात. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांना हार बांधले. एकदा सजवायला एक लाल, दोनच दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार आली. तिच्या टपावर हात फिरवत ते इतका वेळ उभे राहिले, की मुहूर्त टळतो म्हणून वरबाप ओरडला. काही वर्षांनी तीच गाडी विकायला निघाली, आणि सगळ्या घराचा विरोध मोडून शालिकरामांनी ती आणली.

आता टिनाच्या शेडमध्ये ट्रॅक्टरशेजारी ती उभी असते. बैलांच्या गोठ्यात मोर बांधावा तशी. दोघांनाच बसायला जागा, आणि मागच्या डिकीत शेवंतीची एक टोपली कशीबशी मावते. त्यांची बायको पार्बताबाई तिच्यात कधी बसली नाही. जमिनीवरच बसायचं तर आपलं अंगण काय वाईट आहे, असं तिचं म्हणणं.

शालिकरामांची नात, म्हणजे त्यांची लेक मोनाली हिची आचल, अकोल्याला राहते. तिचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला: नवरीला घरून कार्यालयात मी आणणार, माझ्या गाडीत, मी चालवत. आचलनं फोनवर विचारलं, आबाजी, मंग नवरदेव कुठं बसन? ते म्हणाले, तो येईल फुलांच्या टेम्पोत. घर हसलं. पण शब्द खरा होता.

आणि नेमकी तेव्हापासून गाडी ओढेना. फाटकाबाहेर निघालं की जोर मरायचा, दिवा पेटायचा. म्हणून मी आलो. जीवननं वायर खोचली, मी वाचलं, लिहिलं: ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही एकाच वेळी दाबलेले. असं झालं की ही गाडी आपण होऊन जोर कमी करते. त्यात तिची काही चूक नाही.

कारणही साधं होतं. शालिकराम जन्मभर ट्रॅक्टर चालवलेले. ट्रॅक्टरवर डावा पाय क्लचवर ठेवून बसायची सवय. या गाडीला क्लचच नाही. तिथं डाव्या पायाला काहीच काम नसतं, त्यानं खाली निवांत बसायचं. यांचा पाय मात्र जुन्या जागी जाई आणि रुंद ब्रेकवर विसावे. पहिल्यांदा सगळे हसले. शालिकरामही हसले. जीवननं माझं बटण दाबून दोष पुसला.

दुसऱ्या दिवशी दोष परत. जीवन शेजारी बसला होता, मी त्याच्या हातात चालू.

"बाबा, डावा पाय खाली ठेवा."

"खालीच हाये ना बे."

माझ्या पडद्यावर ब्रेक दाबलेलाच होता. जीवननं वाकून पाहिलं. पाय ब्रेकवर होता. शालिकराम समोर पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की पाय खाली आहे.

जीवन हळूच सरळ झाला. म्हणाला, "सेन्सर अडकला असन, बाबा."

आणि त्यानं पुन्हा पुसलं.

मित्रांनो, माझी चिडचिड तिथून सुरू झाली. मी तर रोज तेच लिहीत होतो, न चुकता, आणि रोज तेच पुसलं जात होतं. वर बोलणी मलाच. बॅटरी जुनी म्हणून असं दाखवतो. वायर ढिली आहे. अकोल्यात खपलं नाही म्हणून मनोजनं गळ्यात मारलं. माझं सगळं आयुष्य खरं सांगण्यात गेलं आणि म्हातारपणी मी लबाड ठरलो.

एरवी मला खिडकीत ठेवायचे. तिथून अंगण दिसतं. चालता चालता शालिकरामांची चप्पल पायातून निसटायची आणि मागंच राहायची. ते तसेच पुढं जायचे. मग सून गीतांजली ती उचलायची, त्यांच्या बाजेखाली ठेवायची, आणि "मामाजी, चहा ठेवू का?" असं भलतंच विचारायची. संध्याकाळी पार्बताबाई तेल लावायच्या निमित्तानं त्यांचे तळवे उजेडाकडं धरून बघायची. काटा, फोड, काही आहे का. त्यांनी विचारलं तर म्हणायची, भेगा पडल्यात.

माणसांना खाच नसते, माझी वायर खोचायला. पण एवढं तर मलाही कळलं.

घरात कुणी त्यांना सांगत का नव्हतं, तेही कळलं. शालिकरामांचे थोरले भाऊ भगवंतराव. त्यांना साखरेचा आजार. आधी पाय बधिर झाला, मग जखम, मग पाय कापावा लागला. त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत आणि फार जगलेही नाहीत. तेव्हापासून या घरात माणसाच्या पायाबद्दल कुणी बोलत नाही. शालिकरामांनाही तीच साखर आहे. गोळ्या सगळ्यांसमोर घेतात, बोलणं तिथंच थांबतं.

लग्न जवळ आलं. एका सकाळी शालिकराम गाडी अंगणात फिरवून दाखवत होते. जीवन शेजारी, मी चालू. पार्बताबाई शेवंतीच्या क्रेटजवळ बसून फुलं निवडत होती, ती पाणी प्यायला उठली. गाडी क्रेटसमोर थांबायची होती. माझ्या पडद्यावर ब्रेकला पाय नव्हता, अॅक्सिलरेटर मात्र वर चढत चालला होता. गाडीनं झेप घेतली. क्रेट फुटले. शेवंती टपापर्यंत उडाली.

"ब्रेक लागलाच नाही," शालिकराम म्हणाले.

जीवननं माझ्याकडं पाहिलं. ब्रेक लागला नाही, हे खरंच होतं. तो दाबलाच नव्हता. पार्बताबाई हातात तांब्या घेऊन, ती बसली होती त्या जागेकडं बघत उभी होती. गीतांजली वाकून फुलं वेचू लागली. जीवन म्हणाला, ब्रेकचं ऑइल जुनं झालं असेल.

अकोल्याहून मनोजला बोलावलं. त्यानं ऑइल बदललं, चारही चाकं खोलून पाहिली, शेवटी मला हातात घेतलं. माझा जुना धनी, मला वाटलं हा तरी बोलेल. त्यानं वाचलं, जीवनकडं पाहिलं. जीवननं मान खाली घातली. मनोजनं माझं लिहिलेलं पुसलं आणि म्हणाला, गाडीत काही दोष नाही. मित्रांनो, इतकं खरं वाक्य इतकं अर्धवट मी कधी ऐकलं नव्हतं.

निघायचा दिवस उजाडला. गाडी धुतलेली. शालिकराम नवा फेटा बांधून स्टिअरिंगवर, इंजिन सुरू. पार्बताबाई पहिल्यांदाच आत बसली, नऊवारी सावरत, गुडघे जवळजवळ हनुवटीला. समोर अकोल्याचा रस्ता, त्यावर ट्रकांची रांग, आणि पलीकडं नटून वाट पाहणारी आचल. जीवननं माझी वायर खोचून मला आईच्या मांडीवर ठेवलं. वाटेत दिवा लागला तर काय करायचं, ते त्यानं तिला दाखवलं. तिचा अंगठा धरून त्या झिजलेल्या बटणावर नेऊन ठेवला. एवढंच दाबायचं, आई.

मित्रांनो, माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. मला पुसायच्या फडक्यानं पुसा, धूळ बसू देऊ नका, पावसात ठेवू नका. पण मी लिहिलेलं वाचल्याशिवाय पुसू नका. आणि वाचलं, तर कुणाला तरी सांगा.

पार्बताबाईला वाचता येत नाही. तिनं माझ्या पडद्याकडं पाहिलं, मग खाली, नवऱ्याच्या पायांकडं पाहिलं. अंगठा बटणावरून काढून घेतला. हात लांब करून गाडीची चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"काहून वं?" शालिकराम म्हणाले.

"गाडी चांगली हाये," ती म्हणाली. "हे मशीनबी चांगलं हाये. तुमचे पाय सुन्न झाले जी. तुमाले ते कयत नाई, आन आमी सांगत नाई."