वरच्या मजल्यावर उभे राहू नये

दुमजली बस पुन्हा थांबली आणि स्पीकरवरून ड्रायव्हरचा आवाज आला. वरच्या मजल्यावर कोणीतरी उभं आहे, तो बसल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं तो इंग्रजीत सांगत होता. सगळे गणपतरावांकडे बघू लागले. हिंगणघाट डेपोत एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला हा माणूस जिन्याजवळच्या दांड्याला पाठ टेकून खुशाल उभा होता.

"बसा ना जी," पुढच्या काचेशी बसलेल्या बेबीबाई म्हणाल्या. "आता कोणाचे तिकिटं फाडाचे आहेत तुमाले?"

गणपतराव ओशाळून बायकोशेजारी बसले आणि बस निघाली. चालत्या एसटीत ते तिच्याजवळ कधी बसलेच नव्हते. बेबीबाई त्यांच्याच गाडीने कितीदा तरी माहेरी गेल्या. पण लोक काय म्हणतील, म्हणून हे आपले दाराशी उभे. घरीही तीच गत. बाहेरगावचा रात्रीचा मुक्काम संपवून हे परतायचे तेव्हा नर्स असलेल्या बेबीबाई आरोग्य केंद्रात ड्यूटीवर निघालेल्या असायच्या. दोघांचा अर्धा संसार उंबरठ्यावरच झाला.

आणि उद्या गणपतराव एकटेच परत जाणार होते. सून प्रियदर्शिनीची रजा संपत आली होती, नात चार महिन्यांची होती, म्हणून बेबीबाई वर्षभर इथंच परदेशात, यिशुन भागात मुलाकडे राहणार होत्या. समीर दोघांचाही इथं राहण्याचा सरकारी पास काढणार होता. पण आल्या आल्याच गणपतरावांनी तोऱ्यात सांगून टाकलं होतं, माझा नको, मी इथं काय करू, आईचा काढ फक्त. बोलून गेले आणि मग महिनाभर मनात खात बसले. आता नाक मुठीत धरून पोराला सांगणार कोण?

आज रविवार होता. नातीला समीरवर सोपवून दोघं शहर बघायला निघाली होती. नदीच्या मुखाशी तो प्रसिद्ध पुतळा होता, तोंड सिंहाचं, शेपटी माशाची, आणि तोंडातून पाण्याची धार अखंड चालू. लोक तऱ्हेतऱ्हेने फोटो काढत होते. बेबीबाईंनी त्याला नर्सच्या नजरेने न्याहाळलं.

"याले तं सलाइन लावा लागते," त्या म्हणाल्या, आणि गणपतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊच्या टपऱ्यांच्या बाजारात, त्यांनी डोसा खाल्ला आणि मग हार्बरफ्रंटच्या बंदरावर जाऊन पाण्याकाठच्या बाकावर बसले. समोर फेरीबोट सुटत होती. बॅगा घेतलेली माणसं आत जात होती, मागे राहिलेली हात हलवत होती. गणपतरावांना ते बघवेना.

"मी तवा उगाच बोललो," ते फेरीकडे बघतच म्हणाले. "मले तुह्याबिगर करमणार नाही."

बेबीबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.

"बॅग भरल्यावर सांगून राह्यले?"

"हो."

बेबीबाई पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "समीरले मी सांगतो. पण पास याले टाइम लागन. उद्या तं जाच लागते तुमाले."

गणपतरावांनी मान हलवली. ते त्यांनाही ठाऊक होतं.

परतीच्या बसमध्ये बेबीबाईंना डुलकी लागली आणि त्यांचं डोकं गणपतरावांच्या खांद्यावर टेकलं. नातीच्या जागरणांनी त्या पार थकल्या होत्या. गणपतराव ताठ बसून राहिले. गणपत मेश्रामच्या गाडीत झोपलेला पाशिंजर कधी आपल्या गावापुढे गेला नाही, असं हिंगणघाट डेपोत अजूनही सांगतात. कोण कुठे उतरणार हे त्यांना पाठ असायचं आणि गाव आलं की ते हलकेच खांदा हलवून जागं करायचे.

यिशुन आलं. समीरची इमारत दिसू लागली, पुढचाच स्टॉप त्यांचा. गणपतरावांनी घंटीच्या लाल बटणाकडे हात नेला आणि बेबीबाईंकडे पाहिलं. मग हात परत मांडीवर ठेवला.

स्टॉप मागे गेला. शेवटचा थांबा अजून चार स्टॉप लांब होता.