दुमडीतले तीन इंच

टेलरमास्तरांची उंची पाच फूट एक इंच. सांगताना ते पाच-दोन सांगत. टेप त्यांचीच असल्यामुळे कोणी वाद घालत नसे. आखूड कोट, उभ्या रेघा, टाचेवर टेकणारी पँट अशा युक्त्यांनी बुटक्या गिऱ्हाइकाला उंच दाखवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वतःवर सगळ्या युक्त्या करून झाल्या होत्या. आता फक्त हाडं उरली होती.

तीही वाढवणारा डॉक्टर त्यांना सापडला. नडग्या कापायच्या, पायांना बाहेरून लोखंडी सांगाडा लावायचा आणि रोज एक मिलिमीटर स्क्रू पिळायचा. अडीच महिन्यांत तीन इंच. पुढे वर्षभर कुबड्या. मास्तरांना हे सगळं रीतसर वाटलं. अडचण एकच, फॉर्मवर घरच्या माणसाची सही हवी होती. घरचं माणूस म्हणजे बायको, आणि ती त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तिला खुर्चीवर बसवलं होतं. मास्तरांचं मत विचाराल, तर ती तिथून उठायलाच नको होती.

सही कशी मागावी या विचारात त्यांच्या हातून एक चूक झाली. पाय यायच्या आधीच त्यांनी पँट शिवून टाकली. राखाडी, नव्या मापाची. आणि सवयीने तुरपाईच्या ढिगात टाकली. तुरपाई बायको करत असे.

"अहो, ही कुणाची? कंबर तुमची, सीट तुमची, पाय कुणाचे?"

खोटं सुचेना. मास्तरांनी फॉर्म पुढे केला. तिने तो दोनदा वाचला.

"लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. तुमचं काहीतरी भलतंच. वर्षभर पायमशीन कोण चालवणार?"

"मोटर बसवू."

"मशीनला की तुम्हाला?"

तिने कापडाच्या नमुन्यांचे दोन जाड अल्बम उचलले, आरशासमोर जमिनीवर ठेवले. "चढा. पँट घालून."

मास्तर चढले. पँट सरळ खाली उतरली, कुठे चुणी नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोच्या डोळ्यांत मान वर न करता पाहिलं. बरं वाटलं.

"आता कोट घाला."

कोट घातला आणि मास्तरांतला टेलर जागा झाला. पाय लांबच लांब, आणि हात होते तिथेच. कोट जणू धाकट्या भावाचा.

"दुसऱ्याचा असता, तर असा माल दुकानाबाहेर जाऊ दिला असता?" तिने विचारलं.

मास्तर खाली उतरले. फॉर्म कोराच ड्रॉवरमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात फोन करून हळूच विचारलं, हातांचंही काही होतं का?

होतं, म्हणाले. पण त्याचा फॉर्म वेगळा. सही त्यावरही लागते.

मास्तरांनी फोन ठेवला. समोर बायको राखाडी पँट मांडीवर घेऊन बसली होती, हातात कात्री.

"तीन इंच कापते."

"कापू नकोस. आत दुमड."

"कशाला?"

"कपडा आटतो धुतल्यावर."

"तीन इंच?"

"एखादा आटतो."

तिने वर पाहिलं नाही. कात्री ठेवली, सुईत दोरा ओवला, तीन इंच आत दुमडले. पक्की तुरपाई मात्र घातली नाही. कच्चे टाके घातले, एका ओढीत उसवतील असे.