संदलचा फोटो

बाळासो हवालदारांनी चहाचा कप खाली ठेवला, मांडीवरच्या, नोकरीसाठीच्या पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर पेन टेकवलं आणि काहीच लिहिलं नाही.

"तुमचं पोरगं चांगलं हाय, मला ठावं हाय चाचा. पण मुबीन कट्टर झालाय म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?" दस्तगीर मुलाणींनी विचारलं.

"तुम्हीच की. हरिबाच्या हाटेलात."

दस्तगीर तसं म्हणाले होते खरं. दोन वर्षांपूर्वी मुबीननं दाढी राखली, पाची वेळा नमाज धरली आणि पीराच्या संदलच्या मिरवणुकीला येणं सोडलं. कबरीपुढं डोकं टेकणं धर्मात बसत नाही म्हणे. तीन पिढ्या चंदनाचं ताट मुलाण्यांच्या डोक्यावरून दर्ग्यात गेलेलं. म्हातारा कावणार नाही तर काय? त्याच बाकावर हरिबानंही आपल्या पोराच्या नावानं खडे फोडले होते. तो कुठल्याशा महाराजांच्या नादी लागून घरचं खंडोबाचं जागरण बंद करून बसला होता. हरिबाच्या घरी मात्र कोणी फॉर्म घेऊन गेलं नाही.

"घरातलं गाऱ्हाणं हुतं ते, साहेब. तीन वर्सं शिरूरहून कारेगावच्या कंपनीत जातोय, आत्ता कुठं परमनंट हुतोय. ह्या कागदापायी अडवू नगा."

"आज संदल हाय न्हवं? बंदोबस्ताला मी हायच. त्यात दिसला की फोटो लावतो आन् सही करतो. मलाबी वर दाखवाया कायतरी पायजे."

हवालदार गेले. पडद्याआड मुबीन सगळं ऐकत उभा होता.

संध्याकाळी ताशे सुरू झाले तेव्हा तो इस्त्रीचा सदरा घालून आला आणि बापाच्या हातातलं ताट त्यानं डोक्यावर घेतलं. मोहल्ल्यातल्या बायांनी त्याची दृष्ट काढत कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. लोक दस्तगीरांची पाठ थोपटत होते. याच दिवसासाठी ते पीराला नवस बोलले होते. आता ते पोराच्या मागून चालत होते आणि त्यांना काहीच वाटत नव्हतं, आनंद नाही की राग नाही. चौकात हवालदारांनी मोबाईल वर धरला. मुबीन थांबला, मान सरळ केली आणि पुन्हा चालू लागला.

दर्ग्याच्या दारात त्यानं ताट उतरवलं.

"अब्बा, फोटोत माझं तोंड नीट आलं असंल ना?"

"आलं असंल." दस्तगीरांनी ताट त्याच्या हातातून घेतलं. "पुढच्या सालापास्नं तू येऊ नगंस."